डावीकडे दीड इंच

पुराणातल्या इंद्रलोकात कोणी ऋषी तपाला बसला की सिंहासन डळमळायला लागायचं. आमच्या भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात ते डळमळतं सेमिस्टर संपत आलं की, आणि सिंहासन म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक फिरतं स्टूल. त्यावर बसणारा दुकानदार मूळचा राजस्थानातला. गुजराती माणसाशी तो गुजराती बोलतो, आमच्याशी मराठी, आणि घाईत असलेल्या सगळ्यांशी हिंदी. त्याच्याकडे आधारकार्डाचं लॅमिनेशन होतं, पासपोर्ट फोटो निघतात, लग्नाचे बायोडेटा छापून मिळतात. पण सबमिशनच्या दिवसांत ही सगळी कामं बाजूला पडतात. पाठीवर सॅक अडकवलेली पोरं काउंटरवर ओणवी झालेली असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "भाई, आज मिलेगा ना?"

मी मुद्रितशोधक होतो. खिळे जुळवण्याच्या काळापासून पडद्यावर पानं लावण्याच्या काळापर्यंत, गिरगावातल्या एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं घर चाललं. पुढे चाळ पाडायला निघाली तेव्हा पश्चिम रेल्वेच्या रुळाला धरून खिशाला परवडेल तितके आम्ही उत्तरेला सरकलो आणि इंद्रलोकात येऊन टेकलो. आमच्या इमारतीत 'काकांना लिहिण्यातलं कळतं' असा समज कोणी पसरवला माहीत नाही. पण असाइनमेंटची तारीख जवळ आली की आमची बेल वाजते. मुलं विषय समजून घ्यायला येत नाहीत. विषय त्यांना मोबाइलवर मिळालेला असतो. दारातच चपला न काढता विचारतात, "काका, मार्जिन किती सोडू?"

उत्तर ठरलेलं आहे. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. हा आकडा मुलांना जन्मतारखेसारखा पाठ असतो, फक्त खात्री करून घ्यायची असते. असं का, हे मात्र एकालाही ठाऊक नसतं. डावीकडचा जास्तीचा अर्धा इंच बाइंडिंग खातं, एवढंच त्याचं कारण. तो सोडला नाही तर प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिवणीत जातो आणि 'अयोग्य' लिहिलेलं सरांना 'योग्य' वाचावं लागतं. इग्नूच्या काही अभ्यासक्रमांच्या पुस्तिकेत डावीकडे, वर आणि खाली ४ सेंटिमीटर जागा सोडा असं म्हटलेलं असायचं, शिवाय फुलस्केप कागद वापरा, पण तो फार पातळ नको, असंही. कागदाची जाडी ठरवताना सुद्धा ज्याला विद्यार्थ्याचा खिसा आणि परीक्षकाचे डोळे दोन्ही आठवले, त्या अनामिक अधिकाऱ्याविषयी मला आदर आहे.

मुलांना वाटतं की हे सगळं इंग्रजांनी किंवा कॉम्प्युटरवाल्यांनी आणलेलं लचांड आहे. तेव्हा मी कपाटातून दासबोध काढतो. मुलं घाबरतात, काका आता प्रवचन देणार असं त्यांना वाटतं. पण एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास समर्थांनी अख्खाच्या अख्खा लेखनक्रियेला दिलेला आहे, आणि तो इतका नेमका आहे की विद्यापीठाच्या सूचनापत्रकाने त्यापुढे हात जोडावेत. अक्षर वाटोळं, सरळ आणि सुटं असावं. शाई काळीभोर असावी. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच लेखणीनं उतरल्यासारखं दिसावं. ओळीत ओळ अडकू नये. म्हणजे फॉन्ट, साइझ आणि लाइन स्पेसिंग शेवटपर्यंत बदलू नका. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडायला ते सांगतात आणि विद्यापीठं जे देत नाहीत ते कारणही देतात: कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी त्याचा उपयोग होणार नाही, हीसुद्धा त्यांचीच सूचना. तळटीपा आठ पॉइंटमध्ये लावणाऱ्यांनी ही ओवी टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही. मी पासष्टी ओलांडल्यापासून मला तिचं मोल फार कळतं.

फॉन्ट म्हटला की पत्रकात टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट. हा फॉन्ट विद्यार्थ्यांसाठी जन्मलाच नव्हता. लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी तो रेखाटला आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये पेपर त्यात छापून निघाला. अरुंद कॉलमात जास्तीत जास्त मजकूर बसावा हा त्याचा हेतू. म्हणजे ज्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि जागा थोडी आहे, त्याच्यासाठी हा फॉन्ट. आपल्या मुलांची अडचण नेमकी उलटी. वीस पानं भरायची असतात आणि मजकूर अकरा पानांचा असतो. मग ओळींमधलं अंतर दीडचं दोन होतं, चित्रं वाढतात, आणि एका हुशार मुलानं तर सगळे पूर्णविराम तेवढे १६ पॉइंटचे केले होते. सरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण आयुष्यभर मी पूर्णविरामच बघत आलोय. पण मी बोललो नाही. एवढ्या बारकाईनं काम करणारा मुलगा पुढे कुठेतरी उपयोगी पडेल.

मराठी विषय घेतलेल्या मुलांनाही पुष्कळदा हेच पत्रक मिळतं: टाइम्स न्यू रोमन. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. वर्ड बिचारं मुकाट्यानं मंगल किंवा तसलाच एखादा फॉन्ट लावून देतं, वरच्या पट्टीत टाइम्सचं नाव कायम राहतं आणि दोन्ही पक्ष समाधानी होतात. इंग्रजीतले १२ पॉइंट मराठीला मात्र पुरत नाहीत. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार अशी दुमजली-तिमजली वस्ती. तिला थोडी जास्त जागा लागते. आणि ज्यांच्याकडे अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवात टाइप केलेल्या जुन्या फाइली आहेत, त्यांचे हाल वेगळेच. घरी जे 'ग्रामीण साहित्याची वाटचाल' असतं, ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा एक सडा. एकदा दुकानदारानं मला हाक मारून विचारलं होतं, "काका, ये कौनसा भाषा है? प्रिंट मारू?" तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, आणि दुकानात नेताना पीडीएफ करून न्या. पीडीएफ म्हणजे आमच्या काळची शिक्का मारलेली शेवटची प्रूफ. तिच्यात नंतर कोणी हात घालत नाही.

शुद्धलेखनाचं मी बोलत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे आणखी चार, असे सगळे मिळून अठरा. गीतेचे अध्याय जितके तितकेच, आणि दोन्ही वाचल्याशिवाय लोकांचं व्यवस्थित चालतं.

वाद माझा एका गोष्टीवरच होतो, ती म्हणजे एंटर. नवं प्रकरण नव्या पानावर सुरू करायचं म्हणून मुलं एंटरचं बटण दाबत सुटतात, पुढचं पान येईपर्यंत. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं जागच्या जागी दिसतं. दुकानात फॉन्ट थोडा बदलतो, चार ओळी खाली सरकतात आणि 'प्रकरण दुसरे' पानाच्या मधोमध येऊन उभं राहतं. मग अनुक्रमणिका चुकते. ती तर हातानं टाइप केलेली असते, शीर्षक आणि पानाचा आकडा यांच्यामधले सगळे ठिपके एकेक करून मारलेले. मी म्हणतो, अरे, कंट्रोल दाबून एकदाच एंटर मार, नवं पान मिळतं. शीर्षकांना हेडिंगची स्टाइल लाव, अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पान सरकलं तर आकडाही सरकतो. मुलं ऐकतात, मान डोलावतात आणि ठिपके मारायला जातात. ठिपके मारण्यात त्यांना अभ्यास केल्याचं समाधान मिळत असावं.

आता ब्लॅक बुक. मुंबई विद्यापीठात बीएमएस, मास मीडिया वगैरे केलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी अक्षरं उमटवून द्यायचा असतो, त्याला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं एक पान बरोबर पाच ग्रॅम भरतं. ए-झिरो म्हणजे एक चौरस मीटर, त्याचा सोळावा भाग ए-फोर, आणि ऐंशीला सोळानं भागलं की पाच. म्हणजे शंभर पानांचं ब्लॅक बुक कागदाच्याच वजनानं अर्धा किलो, पुठ्ठा वेगळा. वर्गात साठ मुलं असली तर प्राध्यापकांच्या टेबलावर तीस किलो ज्ञान एका सकाळी येऊन पडतं. त्यातलं किती वाचलं जातं हे विचारणं बरं नव्हे. रद्दीवाल्यालाही ही ब्लॅक बुकं आवडत नाहीत, पुठ्ठा वेगळा काढत बसावं लागतं म्हणून.

ब्लॅक बुकात प्रमाणपत्र असतं, प्रतिज्ञापत्र असतं, ऋणनिर्देश असतो. प्रतिज्ञापत्रात विद्यार्थी शपथेवर सांगतो की हे काम माझं स्वतःचं, मूळ आणि कुठूनही न उतरवलेलं आहे. हा परिच्छेद त्यानं मागच्या वर्षीच्या ब्लॅक बुकातून उतरवलेला असतो. ऋणनिर्देशात प्राचार्य, समन्वयक, मार्गदर्शक, ग्रंथपाल, आई-वडील आणि मित्र याच क्रमानं येतात. एका मुलीनं ज्या मार्गदर्शक मॅडमचे मनापासून आभार मानले होते, त्या दोन वर्षांपूर्वीच कॉलेज सोडून गेल्या होत्या.

यावर हसू नये, कारण खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगानं हे समजून घेतलंय. उचलेगिरी रोखण्यासाठी आयोगानं २०१८ साली नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य सापडलं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. साठाच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे साम्य मोजताना काय धरायचं नाही याचीही यादी त्यात आहे, आणि त्या यादीत संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना यांच्या पंगतीला ऋणनिर्देशही बसवलाय. कृतज्ञता कोणाचीच मूळ नसते, हे भारत सरकारच्या राजपत्रात आलेलं आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगानं जुळलेलं किंवा सर्वांना माहीत असलेलंही माफ. आणि याहून मोठी गंमत म्हणजे हे नियम ज्या लेखनाला लागू होतात त्याची व्याख्या करताना असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका सरळ वगळल्या आहेत. इंद्रलोकात अजून ही बातमी पोचलेली नाही. कृपया कोणी पोचवू नये.

झेरॉक्सवाल्यांनाही कायद्यात जागा मिळालेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, की तुम्ही आमच्या पुस्तकांतली प्रकरणं काढून मुलांना गठ्ठे विकता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दुकानाच्या बाजूनं दिला. शिकण्यासाठी केलेली नक्कल हा कायद्यानं मान्य केलेला अपवाद आहे, असं म्हटलं. हे मी आमच्या दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो खूश झाला आणि माझ्या दोन प्रतींचे पैसे घेतले नाहीत. त्या दोन प्रती वीजबिलाच्या होत्या, पण तत्त्व तेच.

अलीकडे आणखी एक प्रकार सुरू झालाय. एआयकडून सगळी असाइनमेंट तयार मिळते, तीही समास सोडून, शीर्षकं ठळक करून. म्हणून बऱ्याच कॉलेजांनी फतवा काढला, असाइनमेंट हातानं लिहूनच आणा. आता मुलं यंत्रानं लिहिलेलं हातानं उतरवून काढतात. शंभर वर्षं माणसाचं लिहिणं यंत्र छापत होतं, आता यंत्राचं लिहिणं माणूस छापतो. आणि या छपाईत खाडाखोडही माणसाचीच असते. या यंत्राची एक खोड मात्र मला जुना मुद्रितशोधक म्हणून फार डाचते. ते संदर्भसूचीत अशी पुस्तकं देतं जी कधी लिहिलीच गेली नाहीत. लेखक खरा, प्रकाशक खरा, साल शक्य कोटीतलं, आणि पुस्तक नाही. एका मुलाच्या यादीतलं मराठी पुस्तक इतकं चांगल्या नावाचं होतं की ते शोधायला मी दादरपर्यंत जाऊन आलो. दुकानदार म्हणाला, "असं पुस्तक नाही हो काका, पण असायला हवं होतं."

मुलं कंटाळून विचारतात, "पण काका, एवढं सगळं कोण वाचतं? मार्क तर सगळ्यांना सारखेच." तेव्हा मी त्यांना एका असाइनमेंटची गोष्ट सांगतो.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहून पेपर वाचतो. विषय: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. वर्गातला पेपर होता तो. आज ज्याला टर्म पेपर म्हणतो तोच. विद्यार्थी भीमराव आंबेडकर. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला आणि अजून वाचला जातो. या पेपरची मांडणी मी मुलांना बोट ठेवून दाखवतो. सुरुवातीलाच जातीच्या व्याख्या येतात, चार जणांच्या: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. कोणाची व्याख्या काय, हे त्यांच्या नावानिशी सांगितलंय. मग प्रत्येकीत कुठे काय कमी पडतं ते. केतकरांविषयी आदर आहे, कारण ते आतून पाहणारे. पण त्यांनी जातीची जी दोन लक्षणं वेगवेगळी धरली, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या विद्यार्थ्याला दिसलं आणि त्यानं ते तसं लिहिलं. त्यानंतर, आणि त्यानंतरच, स्वतःचं म्हणणं: जातीचं मर्म जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. शेवटी हेही, की माझं हे अंतिम आहे असा माझा दावा नाही, चूक ठरलं तर सोडून द्यायला तयार आहे.

केतकरांचं ते पुस्तक १९०९ चं, तेही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकताना लिहिलेलं. म्हणजे एका मराठी विद्यार्थ्याच्या अभ्यासातून दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याचा अभ्यास निघाला, दोघंही घरापासून सात समुद्र पलीकडे. केतकर पुढे ज्ञानकोशकार झाले, आंबेडकर काय झाले ते मुलांना माहीत आहे. मला यात आवडतं ते एवढंच की त्या पेपरात कुठलं वाक्य कोणाचं आहे हे शोधावं लागत नाही. उद्धरणचिन्हं, तळटीप, संदर्भ ही सगळी आयुधं त्यासाठीच असतात. इथपर्यंत ते बोलले, इथून मी बोलतोय. आमच्या मुलांच्या असाइनमेंटमध्ये इथपर्यंतचं पुष्कळ असतं, 'इथून' सुरूच होत नाही.

एका मुलानं विचारलं, "त्यांना कधी रीसबमिट करायला नाही लागलं?" लागलं की. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडनला सादर झाला, परीक्षकांना काही भाग पटला नाही, तो सुधारून १९२३ मध्ये पुन्हा द्यावा लागला आणि मग डी.एससी. मिळाली. पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि लेखकाची बरीच मतं मला पटत नाहीत असं त्या प्रस्तावनेतच नोंदवलं. पटत नसताना प्रस्तावना लिहिणारा मार्गदर्शक ज्याला मिळेल त्यानं ऋणनिर्देश खुशाल लांबलचक लिहावा. मुलाला मात्र रीसबमिशनचाच भाग लक्षात राहिला. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं असणार, बघ, त्यांनासुद्धा लागलं.

मुखपृष्ठावर नाव, रोल नंबर, विषय, मार्गदर्शक, तारीख, स्थळ लिहायचा कंटाळा करणाऱ्यांना मी ज्ञानेश्वरीचा शेवट दाखवतो. साल तिथे आहे, शके १२१२. गोदातीराचा प्रदेश आहे, राज्य कोणाचं तेही आहे. गुरुपरंपरा आहे. ज्यानं लिहून घेतलं त्या सच्चिदानंदबाबांचं नावसुद्धा आहे. आपण भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, हेही ज्ञानदेव सांगून टाकतात. रोल नंबर तेवढा राहिला. पुढे तीनशे वर्षांत त्या ग्रंथाच्या इतक्या नकला झाल्या, आणि नकला करणाऱ्यांनी इतक्या ठिकाणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या, की शके १५०६ मध्ये एकनाथांना बसून पाठ शुद्ध करावा लागला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असं कडक शब्दांत बजावून ठेवावं लागलं. तेव्हा लोक स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर खपवत. आता दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर खपवतात. मुद्रितशोधकाला दोन्ही काळात काम आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या समोरच्या विंगमधली मुलगी आली. पर्यावरणाचा प्रकल्प, विषय 'पाणथळ जागा', किमान पाच संदर्भ सक्तीचे. तिचा मसुदा व्यवस्थित होता. चिल्का सरोवर १९८१ पासून रामसर यादीत आहे, लोकटकवर तरंगती बेटं आहेत, लोणारचा समावेश २०२० मध्ये आणि ठाण्याच्या खाडीचा २०२२ मध्ये झाला. सगळं बरोबर. एका परिच्छेदाच्या शेवटी 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' असं राहिलं होतं, तेवढं खोडलं. मग विचारलं, "तू चिल्का पाहिलंस?"

"नाही काका."

"कॉलेजला जाताना काय दिसतं?"

तिचं कॉलेज वसईकडे. भाईंदर सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते, एक पूल संपतो, मध्ये पाणजू बेट, मग दुसरा पूल आणि नायगाव. दोन्ही काठांना तिवरं आणि मिठागरांचे चौकोन. ती रोज डब्याच्या दारापाशी उभी राहून जाते, डोळे मोबाइलमध्ये. "ते पण पाणथळच?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बघून ये.

तिच्या मैत्रिणीची आजी नवघर गावठाणात राहते. आजींचे वडील भाईंदरच्या मिठागरात कामाला होते. मुलगी तिथे गेली ती दुपारभर रमली. उधाणाचं पाणी आत घेऊन कसं कोंडायचे, ते एका खाचरातून दुसऱ्यात सोडत उन्हानं कसं आटवायचे, हंगाम मेअखेर संपला की पावसाआधी मिठाच्या राशी गवतानं कशा शाकारायचे, मिठात उभं राहून पाय कसे फुटायचे, हे सगळं तिनं वहीत उतरवून आणलं. दोन पानं. समास नाही, शीर्षक नाही, आणि दोन्ही पानांवर मिळून एकच चूक: 'की' ऱ्हस्व लिहिलेला. मी तो दीर्घ केला.

मग खरा पेच आला. "काका, आजींना संदर्भसूचीत कसं लिहायचं?"

मी पुस्तकं काढली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानी लेखातून निघाली; आज तिच्या सातव्या आवृत्तीची पानं चारशेच्या वर गेली आहेत. तिचं म्हणणं असं, की आजींशी झालेलं बोलणं वाचकाला शोधून पाहता येत नाही, म्हणून मजकुरात नाव आणि तारीख द्या, सूचीत मात्र घेऊ नका. दुसऱ्या पद्धतीचे, म्हणजे एमएलएवाले, उदार. मुलाखत दिलेल्या माणसाला ते सूचीत आडनावानं बसवतात. कॉलेजच्या पत्रकात पद्धत सांगितलेली नव्हती, नुसतं 'योग्य संदर्भ द्या' म्हटलं होतं. आम्ही एमएलए घेतली. आजींकडे पुन्हा परवानगी मागायला मुलगी गेली तर त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला? मी कुठे मीठ पिकवलं? बाबांचं लिही." शेवटी दोघांचीही नावं आली, आजींचं मुलाखतीत आणि वडिलांचं मजकुरात. अक्षरक्रमात आजींचं आडनाव आधी येत होतं, म्हणून रामसरच्या संकेतस्थळाच्या वर त्या बसल्या.

दुकानदारानं प्रिंट काढता काढता ती दोन पानं वाचली. एरवी तो वाचत नाही. "ये अपने साइड का है?" म्हणाला, आणि रंगीत पुठ्ठा त्याच भावात लावून दिला.

प्रकल्प तपासून परत आला तेव्हा मुलगी तो घेऊन वर आली. मार्क सगळ्यांना मिळाले तितकेच होते. चिल्का, लोकटक, लोणार यांच्यापुढे बरोबरच्या खुणा. संदर्भसूचीत पहिल्या नावापुढे लाल शाईत एकच शब्द लिहिलेला होता, प्रश्नचिन्हासकट: 'लिंक?'

"आता काय देऊ काका?" तिनं विचारलं. "स्टेशनवरून नवघरला शेअर रिक्षा जाते, ते लिहू?"

मी म्हटलं, लिही. पण डावीकडे दीड इंच सोडून.